कृषी महाविद्यालयातील अध्यापकाची नोकरी: शिकवणे किती, संशोधन किती आणि बदली झाल्यावर काय?

रब्बी_ज्वारी यांचा प्रश्न

नमस्कार. मी वनस्पती पैदासशास्त्रात, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करण्याच्या शास्त्रात, एम.एस्सी. (कृषी) केले असून सध्या अखिल भारतीय समन्वित ज्वारी प्रकल्पाच्या एका केंद्रावर वरिष्ठ संशोधन छात्र म्हणून काम करत आहे. कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची नेट परीक्षा मी उत्तीर्ण झाले आहे. येत्या काही महिन्यांत मला एक निर्णय घ्यायचा आहे आणि त्याआधी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या मंडळींचे म्हणणे ऐकावे असे वाटते.

माझ्यापुढे दोन वाटा आहेत. कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका विनाअनुदानित महाविद्यालयाने सहाय्यक प्राध्यापक म्हणून लगेच रुजू होण्याविषयी विचारले आहे. दुसरीकडे पीएच.डी.च्या प्रवेशाचीही शक्यता आहे आणि तो मिळाल्यास रब्बी ज्वारीवरच काम करण्याची माझी इच्छा आहे. विद्यापीठाच्या घटक (विद्यापीठ स्वतः चालवते अशा) महाविद्यालयात अध्यापक व्हावे हा माझा अंतिम हेतू आहे, परंतु विद्यापीठांत पदे मोठ्या संख्येने रिक्त असूनही भरती नियमित होत नाही, त्यामुळे कोणता रस्ता शहाणपणाचा ठरेल हे समजत नाही.

मुख्य शंका कामाच्या स्वरूपाविषयी आहे. विद्यार्थिदशेत आम्ही अध्यापकांना वर्गात आणि प्रक्षेत्रावर पाहिले, पण त्यांचा उरलेला वेळ कोठे जातो हे आम्हाला कधीच नीट कळले नाही. आमच्या विभागातील एका सरांची बदली झाली तेव्हा त्यांच्या सुरू असलेल्या वाणांच्या ओळींचे (नव्या वाणासाठी पिढ्यानपिढ्या निवडत आणलेल्या वंशांचे) पुढे काय झाले, हे मी विचारून पाहिले आणि मला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पैदासकाराचे काम दहा-बारा वर्षांचे असते आणि नेमणूक मात्र त्यापेक्षा कमी काळाची असते, हा मेळ अनुभवी लोक कसा घालतात? खासगी महाविद्यालयातील अनुभव पुढे मोजला जातो का, याविषयीही कृपया लिहावे.

फील्डबुक यांचे उत्तर

ताई, मी पैदासशास्त्राचाच अध्यापक होतो आणि आता निवृत्त आहे. आपला बदलीविषयीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, पण त्याचे उत्तर या नोकरीची घडण समजल्याशिवाय देता येणार नाही, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

आपल्याकडची कृषी विद्यापीठे अमेरिकेतील लँड ग्रँट पद्धतीच्या विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली. पंतनगरला १९६० मध्ये पहिले विद्यापीठ झाले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ राहुरीला आले, १९६९ मध्ये अकोल्याचे आणि १९७२ मध्ये परभणी व दापोलीची विद्यापीठे झाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छताखाली आणि शक्यतो एकाच माणसाच्या हातून व्हावीत, असा या रचनेचा हेतू आहे. ज्याने वाण तयार केला त्यानेच तो विद्यार्थ्यांना शिकवावा आणि शेतकऱ्याच्या शेतात तो का पडला किंवा का उभा राहिला हेही त्यानेच जाऊन पाहावे. हेतू उत्तम आहे आणि माझा त्यावर आजही विश्वास आहे. मात्र याच रचनेमुळे सहाय्यक प्राध्यापकाचे पद महाविद्यालयात, संशोधन केंद्रावर किंवा विस्तार शाखेत कोठेही असू शकते आणि आपण एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवल्या जाऊ शकता.

राहुरीच्या विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. त्याचे कार्यक्षेत्र कोल्हापूरपासून नंदुरबारपर्यंत दहा जिल्ह्यांचे आहे. पाडेगावला ऊस, निफाडला गहू, वडगाव मावळला भात, जळगावला तेलबिया, सोलापूरला कोरडवाहू शेती, महाबळेश्वरला गव्हाचा तांबेरा, अशी केंद्रे त्यात विखुरलेली आहेत. ज्वारीवर पंधरा वर्षे घातलेल्या माणसाची बदली भाताच्या केंद्रावर झाली तर प्रशासनाच्या दृष्टीने पैदासकाराच्या पदावर पैदासकारच बसलेला असतो. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र दोन पिके अर्धवट राहतात.

आता वेळ कोठे जातो ते सांगतो. महाविद्यालयात असताना अभ्यासक्रमातील विषय ३ (२+१) अशा श्रेयांकांत मोजले जातात, म्हणजे आठवड्याला दोन तास व्याख्यान आणि एक श्रेयांक प्रात्यक्षिक. कागदावर हे हलके दिसते. प्रत्यक्षात प्रात्यक्षिकासाठी वर्गाच्या तुकड्या पडतात आणि तेच प्रात्यक्षिक प्रत्येक तुकडीसाठी पुन्हा घ्यावे लागते. त्याआधी प्रक्षेत्रावर त्या अवस्थेतले पीक उपलब्ध असावे लागते आणि ते उपलब्ध करण्याची जबाबदारीही बहुधा आपलीच असते. मजुरांची हजेरी, खतांची मागणीपत्रे, विहिरीवरचा पंप आणि कुंपण हा अध्यापकाच्या दिवसाचा भाग आहे, हे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नसते. शिवाय पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन, त्यांच्या सल्लागार समित्या, अंतर्गत परीक्षा, वसतिगृहाचे अधीक्षकपद, राष्ट्रीय सेवा योजना आणि शेतकरी मेळाव्यातील भाषण ही कामे असतातच.

ज्वारीच्या संकराचे दिवस आले की मात्र बाकी सर्व बाजूला पडते. आपण हे केले आहे, तरी इतर वाचकांसाठी लिहितो. कणसात फुलोरा शेंड्याकडून खाली उतरत जातो. दुसऱ्या दिवशी उमलणारा पट्टा ओळखून, आधी उमललेली फुले काढून टाकून, त्या पट्ट्यातील प्रत्येक फुलातून सुईने किंवा चिमट्याने तिन्ही परागकोश संध्याकाळपर्यंत न फोडता काढायचे आणि कणसावर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे पराग आणून त्यावर झटकायचे, पिशवी पुन्हा बांधायची आणि तारीख व दोन्ही पालकांचे क्रमांक लिहिलेले लेबल लावायचे. एक परागकोश चुकून राहिला तर त्या फुलात स्वपरागणाचे बी धरते आणि ते संकराच्या बियांत मिसळते. मजूर हे काम शिकतात व अनेकदा आपल्यापेक्षा सफाईने करतात, पण लेबल आपणच लिहावे असा माझा आग्रह असे. त्याच सकाळी आपला तासही असतो. असा तास बुडवू नये, मुलांनाच ओळींमध्ये घेऊन यावे. ज्या मुलाने एक कणीस स्वतः सोलून बांधले त्याला पैदासशास्त्र पुन्हा शिकवावे लागत नाही, हे मी वारंवार पाहिले.

यानंतर पिढ्यानपिढ्या निवड चालते. रब्बी ज्वारीत वर्षाला एकच पिढी मिळते असे धरले तर स्थिर ओळी हाती येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात, मग केंद्रावरील चाचण्या, बहुस्थानीय चाचण्या, समन्वित प्रकल्पाच्या चाचण्या आणि शेवटी चारही विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समिती, जिला आपण सर्व जण जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतो. तिथे शिफारशीसाठी उभे राहिल्यावर दुसऱ्या विद्यापीठांतील तज्ज्ञ खोडमाशीची पोंगेमर (अळीने पोखरल्याने रोपाचा मधला पोंगा वाळणे) किती टक्के होती, कडब्याचे उत्पादन तुलनेच्या वाणापेक्षा कमी का, भाकरीची चव कोणी तपासली, असे प्रश्न विचारतात. त्या वेळी उभा असलेला माणूस हा अनेकदा ज्याने संकर केला तो नसतोच.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की काम माणसाबरोबर राहत नाही, ते नोंदींबरोबर राहते. ज्या केंद्रांवर फील्ड बुक, म्हणजे प्रक्षेत्रावरील नोंदवही, व्यवस्थित ठेवलेले असते तिथे तीन पैदासकार बदलले तरी वाण बाहेर पडतो. ओळीचा क्रमांक, तिची वंशावळ, पन्नास टक्के फुलोऱ्याचे दिवस, उंची, उगवणीनंतर २८ दिवसांनी मोजलेली पोंगेमर, कणसाचे वजन आणि शेऱ्याचा रकाना एवढे जरी सलग भरलेले असेल तरी नवा माणूस एका हंगामात काम हाती घेऊ शकतो. शेऱ्याचा रकाना मी मुद्दाम सांगतो आहे. ‘दाणा मोत्यासारखा, पण ताट लोळते’ एवढे चार शब्द नंतर येणाऱ्याची दोन वर्षे वाचवतात, आणि नेमका हाच रकाना सर्वांत जास्त रिकामा सापडतो. ओळींचे पुढे काय झाले याचे उत्तर आपल्याला कोणी देऊ शकले नाही, याचा अर्थ तिथे कार्यभार हस्तांतरित झाला तेव्हा टेबल-खुर्च्यांची यादी झाली आणि बियाण्याच्या पाकिटांची झाली नाही.

दोन वाटांविषयी माझे मत स्पष्ट आहे. आपण नेट उत्तीर्ण आहात आणि ज्वारीवर हात बसलेला आहे, तेव्हा पीएच.डी. करावी.

तास_आणि_प्रात्यक्षिक यांचे उत्तर

मी एका विनाअनुदानित संलग्न महाविद्यालयात शिकवते. सरांनी लिहिलेले सर्व घटक महाविद्यालयाला लागू आहे. आमच्याकडचे चित्र वेगळे आहे आणि निर्णयापूर्वी ते आपल्याला ठाऊक असावे.

आमच्या महाविद्यालयात अध्यापकाला स्वतःच्या विषयाखेरीज शेजारच्या विषयांचेही तास घ्यावे लागतात. पैदासशास्त्राची व्यक्ती बियाणे तंत्रज्ञान घेते हे समजण्यासारखे आहे, पण तिला मृदाशास्त्राचे प्रात्यक्षिक किंवा ग्रामीण समाजशास्त्रही दिले जाते, कारण त्या विषयाचा अध्यापक मागच्या सत्रात सोडून गेलेला असतो. २०२४-२५ पासून सहाव्या अधिष्ठाता समितीचा (देशभरातील कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचा) अभ्यासक्रम लागू झाल्यावर कौशल्यविकासाचे विषय वाढले आणि पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आली. कल्पना म्हणून हे मला पटते. परंतु कौशल्याचे विषय शिकवायला रोपवाटिका, प्रयोगशाळा आणि त्या कामात मुरलेली माणसे लागतात, आणि जिथे नेहमीच्या विषयांनाच माणसे पुरत नाहीत तिथे हा भार दोन-तीन तरुण अध्यापकांवरच येऊन पडतो. उन्हाळ्यात प्रवेशाच्या काळात विद्यार्थी मिळवण्यासाठीही आम्हाला गावोगाव पाठवले जाते. संशोधनासाठी स्वतंत्र तुकडा आणि मजूर मिळणे ही आमच्याकडे अपवादाची गोष्ट आहे.

वेतनाविषयी संकोच न करता लिहिते, कारण मुलाखतीच्या वेळी हे कोणी स्पष्ट बोलत नाही. सातव्या वेतन आयोगानुसार नियमित सहाय्यक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे आणि त्यावर भत्ते असतात. आमच्यासारख्या अनेक ठिकाणी ठोक वेतन त्याच्या जवळपासही जात नाही. याचा संबंध थेट आपल्या अनुभवाविषयीच्या प्रश्नाशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार आधीची सेवा मोजली जाण्यासाठी नेमणूक विहित पात्रतेवर आणि रीतसर निवड समितीमार्फत झालेली असावी लागते, तसेच सेवा तात्पुरत्या किंवा कंत्राटी स्वरूपाची असेल तर मिळालेले एकूण वेतन नियमित सहाय्यक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी असून चालत नाही. म्हणजे कमी वेतनावर केलेली वर्षे आपल्या अर्जात दिसतील, मुलाखतीत त्यांचा उपयोगही होईल, पण पुढे सहयोगी प्राध्यापकपदासाठी लागणाऱ्या आठ वर्षांच्या अनुभवात ती धरली जातील असे गृहीत धरू नका. ज्या पदासाठी अर्ज करायचा त्या जाहिरातीतील अटी प्रत्येक वेळी शब्दशः वाचाव्यात.

तरीही आमच्याकडे येऊच नका, असे मी म्हणणार नाही. पैदासशास्त्राबाहेरचे चार विषय शिकवावे लागल्यामुळे मला शेताकडे एकसंध पाहता येऊ लागले आणि पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांना इंग्रजी पाठ्यपुस्तकातील संज्ञा त्यांच्या बांधावरच्या अनुभवाशी जोडून देण्यातले समाधान फार मोठे आहे. आनुवंशिकतेच्या तासाला मी मुलांना घरचे बियाणे आणायला सांगते. आजीने गाडग्यात राखेत जपलेली तूर घेऊन एक मुलगी आली होती आणि त्या दिवशी तास संपल्यावरही वर्ग उठला नाही. रुजू व्हायचेच ठरले तर संस्थेची जमीन प्रत्यक्ष पाहून या, नेमणूक पत्रावर पद आणि वेतनश्रेणी काय लिहिली आहे ते बघा, अध्यापक म्हणून विद्यापीठाची मान्यता घेतली जाणार आहे का ते विचारा आणि पूर्ण वेतन बँकेतच जमा होईल याची खात्री करून घ्या.

रब्बी_ज्वारी

आपणा दोघांचेही मनापासून आभार. मॅडम, वेतन आणि अनुभव यांचा हा संबंध मला अजिबात माहीत नव्हता. आणखी दोन गोष्टी विचारते. पीएच.डी.ची वर्षे अनुभवात धरली जातात का? आणि विस्तार शाखेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात नेमणूक झाली तर माझ्यासारखीचे संशोधन तिथेच थांबते असे समजायचे का? आमच्या विभागात तिकडची बदली ही शिक्षा असल्यासारखे बोलले जाते.

बांधावरचा_तज्ज्ञ यांचे उत्तर

मी कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ आहे आणि त्याआधी महाविद्यालयात ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमाचे काम पाहिले आहे. शिक्षेच्या बोलण्याविषयी मला खेद वाटतो. तो समज विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीच रुजवलेला आहे आणि त्याने शेतीचे नुकसान केले आहे.

पीएच.डी.विषयी आधी सांगतो. केवळ पदवी मिळवण्यासाठी घालवलेला काळ अध्यापन किंवा संशोधनाचा अनुभव म्हणून धरला जात नाही. नियमित सेवेत असताना रजा न घेता नोकरी सांभाळून पीएच.डी. केली तर तो सेवाकाळ मात्र मोजला जातो.

आता विस्ताराविषयी. पुण्यात १८७९ मध्ये विज्ञान महाविद्यालयाला जोडून कृषीचे वर्ग सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यातून स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. त्या काळात तिथे प्राचार्य असलेले हॅरोल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावात घरोघर आणि शेतोशेत जाऊन जमिनीचे तुकडे, कर्ज, खर्च आणि उत्पन्न यांच्या नोंदी केल्या, आणि तो अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाविद्यालयाच्या प्रमुखाने एका गावात जाऊन बसणे याला त्या वेळी कोणी शिक्षा मानले असेल असे मला वाटत नाही.

आजच्या घडीला विद्यार्थ्यांच्या ग्रामीण कार्यानुभवाची सोय प्रत्येक महाविद्यालयात आहे. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात तर एक संपूर्ण सत्र, ०+२० श्रेयांकांचे, म्हणजे व्याख्यान अजिबात नसलेले, याच कामासाठी दिलेले होते. वर्तमानपत्रात ‘कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’ अशा बातम्या येतात त्या याच कार्यक्रमाच्या. परंतु या सत्रात मुलामुलींनी गावात काय शिकले हे पूर्णपणे सोबतच्या अध्यापकावर अवलंबून असते. फलक धरून छायाचित्र काढणे आणि अहवाल बांधून देणे एवढ्यावर काही ठिकाणी हे सत्र उरकले जाते. याउलट एखादा अध्यापक मुलांना यजमान शेतकऱ्याबरोबर पहाटे पाणी द्यायला उभे करतो, बाजार समितीत त्यांना मालासोबत पाठवतो, हिशेबपट्टीवरील प्रत्येक वजावट समजावून घ्यायला लावतो, आणि ती मुले अर्थशास्त्राच्या तासाला वेगळेच प्रश्न विचारू लागतात.

पैदासकाराचे संशोधन कृषी विज्ञान केंद्रात थांबते का, याचे प्रामाणिक उत्तर असे की संकर आणि निवडीचे काम थांबते. आमच्याकडे शेतावरील चाचण्या आणि आद्यरेषीय प्रात्यक्षिके (नवे वाण व तंत्र शेतकऱ्याच्याच शेतात करून दाखवणे) असतात. मात्र विद्यापीठाच्या तुकड्यात पहिला आलेला वाण शेतकऱ्याने का नाकारला याचे कारण पैदासकाराच्या डोळ्यांनी पाहण्याची संधी इथेच मिळते. कडबा जनावरे खात नाहीत, कणीस खुडताना हाताला टोचते, मळणीला बोंडे (दाण्यावरची टरफले) सुटत नाहीत, अशा गोष्टी पैदासकाराच्या तक्त्यात नसतात. इथे दोन हंगाम काढून परतलेला पैदासकार पुन्हा निवडीला बसतो तेव्हा त्याचे निकष बदललेले असतात. माझ्या मते प्रत्येक पैदासकाराला सेवेच्या सुरुवातीलाच असा काळ मिळावा, दहाव्या-बाराव्या वर्षी, काम ऐन भरात असताना मात्र मिळू नये.

हलकी_जमीन

मी अध्यापक नाही. कृषी पदवीधर असून घरची कोरडवाहू शेती करतो, तरी या चर्चेत थोडे लिहावेसे वाटले.

आमच्या भागात वर्षानुवर्षे मालदांडीच पेरली जात असे. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली मालदांडी ३५-१ आमच्या आजोबांच्या काळापासून घरात आहे आणि भाकरीच्या बाबतीत तिला आजही कोणी नावे ठेवत नाही. माझ्या शेतातला वरचा तुकडा मात्र दर वर्षी दाणे भरण्याच्या वेळी वाळत असे. कृषी महाविद्यालयातील एक सर विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. त्यांनी बियाण्याविषयी काहीच न बोलता आधी मुलांकडून तीन ठिकाणी खड्डे खणून घेतले. वरच्या तुकड्यात वीतभरावर मुरूम लागला, मधल्यात हातभर माती निघाली आणि ओढ्याकाठी टेप संपेपर्यंत काळी माती होती. मग त्यांनी मुलांनाच विचारले की आता कोणता वाण सांगाल. तीस सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, साठपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा आणि त्यापेक्षा खोल भारी जमिनीला फुले वसुधा, हे पुस्तकातले उत्तर त्या मुलांना पाठ होते, पण एकाच शेतात तिन्ही जमिनी असू शकतात हे त्यांनी त्या दिवशी पाहिले आणि पदवी घेऊनही मीही ते तितक्या नीट पाहिले नव्हते.

आपण घटक महाविद्यालयात जा किंवा खासगी महाविद्यालयात, आमच्यासारख्यांना जे अध्यापक वर्षानुवर्षे आठवतात ते खड्डा खणून बघणारे असतात. आमच्या शेतात आलेल्या त्या सरांचीही पुढे बदली झाली, पण त्यांचा फोन क्रमांक गावातल्या अनेकांकडे अजून आहे. नव्या माणसाचा क्रमांक मिळवून तो आम्हाला देण्याची पद्धत विद्यापीठाने केली तर आमची बरीच सोय होईल.

रब्बी_ज्वारी

सर्वांची उत्तरे मी घरच्यांना वाचून दाखवली. पीएच.डी.साठी अर्ज करण्याचे ठरवत आहे. फील्डबुक सर, एक शेवटची शंका आहे. प्रबंधासाठी मी ज्या ओळी वापरीन किंवा तयार करीन त्या तीन-चार वर्षांनी माझ्याबरोबर येणार नाहीत. त्या वाया जाऊ नयेत म्हणून विद्यार्थिनी म्हणून मी काय करू शकते?

फील्डबुक

चांगला विचार आहे. त्यासाठी विषय निवडतानाच काळजी घ्यावी लागेल. शून्यापासून संकर करून तीन वर्षांत वाण निघत नाही, त्यामुळे केंद्रावर आधीच तिसऱ्या-चौथ्या पिढीत असलेले साहित्य मागावे आणि त्यावर खोडमाशी प्रतिकार किंवा दाणे भरतानाचा पाण्याचा ताण यांपैकी एका गुणधर्माचा अभ्यास घ्यावा. अशाने आपला प्रबंध वेळेत होतो आणि केंद्राचे साहित्यही दोन पिढ्या पुढे सरकते. आपण निघून गेल्यावर केंद्र त्या ओळी टाकून देत नाही, कारण त्या मुळात केंद्राच्याच असतात.

काढणीनंतर बियाण्याच्या प्रत्येक पाकिटात एक लेबल आत आणि एक बाहेर ठेवा, कारण बाहेरचे उंदीर किंवा दमट हवा खाते. लेबलवर फक्त प्रबंधातला आपला क्रमांक लिहू नका, केंद्राचा मूळ क्रमांक आणि वंशावळही लिहा. अनेक प्रबंधांत ओळींना ‘टी-१, टी-२’ असे क्रमांक दिलेले असतात आणि विद्यार्थी गेल्यावर ते बियाणे ओळखू येत नसल्याने फेकावे लागते. एखाद्या ओळीत खरोखर वेगळा गुण आढळला, समजा खोडमाशीला सातत्याने कमी बळी पडणारी ओळ मिळाली, तर मार्गदर्शकांच्या नावासह ती दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदणीसाठी पाठवता येते. मग ती राष्ट्रीय जनुक पेढीत राहते आणि देशातील कोणताही पैदासकार ती मागवू शकतो. स्थिर झालेल्या ओळी समन्वित प्रकल्पाच्या प्राथमिक चाचणीत जाव्यात असा आग्रह मार्गदर्शकांकडे धरा, कारण एकदा ओळीचे नाव त्या चाचणीच्या तक्त्यात आले की पैदासकार बदलला तरी तिचा हिशेब कोणाला तरी द्यावाच लागतो.

रब्बीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान होते. प्रवेशाची प्रक्रिया लांबली तर पहिला हंगाम हातचा जाईल आणि प्रबंधाचे पूर्ण वर्ष वाढेल. म्हणून प्रवेश निश्चित होण्याची वाट न पाहता आत्ताच ज्यांच्याकडे काम करायचे त्या मार्गदर्शकांना भेटा, साठ्यात कोणत्या पिढीचे काय शिल्लक आहे ते विचारा आणि बियाण्याची उगवणक्षमता ऑगस्टमध्येच तपासून घ्या.